डोळ्यांचा धडा अंधारापासून सुरू करा

बालवाडीत ज्ञानेंद्रियांचा आठवडा आला की भिंतीवर तक्ता लागतो. डोळ्याच्या चित्रावर बोट ठेवलं की मुलं एका सुरात म्हणतात, ‘‘डोळ्यांनी आपण बघतो!’’ मग कान, नाक, जीभ, त्वचा. शुक्रवारपर्यंत पाचही इंद्रियं उरकतात. मुलांचं उत्तर बरोबरच असतं, पण त्यातून त्यांच्या पदरात नवीन काही पडत नाही. डोळ्यांनी बघतात हे त्यांना तक्त्याआधीही ठाऊक होतं. ठाऊक नसतं ते हे, की काही दिसायचं तर बाहेरून उजेड डोळ्यात यावा लागतो. चार-पाच वर्षांच्या मुलाला एवढी एकच गोष्ट पटली तरी माझ्या मते डोळ्यांचा धडा झाला. बुबुळ, भिंग, पडदा ही नावं दोन-तीन वर्षांनी शिकली तरी काही बिघडत नाही.

बडोद्यात लहान मुलांना शिकवताना मी हा विषय एका प्रश्नाने काढते. ‘‘खोलीत जराही उजेड नसेल, अगदी एवढासाही, तर तुमचा हात तुम्हाला दिसेल का?’’ बहुतेक मुलं हो म्हणतात. ‘‘आधी नाही दिसत टीचर, थोडं थांबलं की दिसतो,’’ असं कारणही देतात. त्यांचं निरीक्षण अगदी खरं आहे. दांडिया बजारात किंवा रावपुऱ्यात राहणाऱ्या मुलाने पूर्ण अंधार पाहिलेलाच नसतो. रात्री दिवे मालवले तरी रस्त्यावरचा दिवा पडद्यातून झिरपतो, टीव्हीचा लाल ठिपका चालू असतो, इन्व्हर्टर आणि वायफायचे दिवे लुकलुकत असतात. त्यामुळे ‘अंधार म्हणजे जिथे हळूहळू दिसायला लागतं ती जागा’ असा त्याचा अनुभव असतो. तोंडाने कितीही सांगा, तो अनुभवावरच विश्वास ठेवणार, आणि ठेवावाच. म्हणून त्याला दुसरा अनुभव द्यायचा.

त्यासाठी बुटांचा रिकामा खोका पुरतो. आतून काळा कागद चिकटवा. एका अरुंद बाजूला रुपयाच्या नाण्याएवढं भोक पाडा. झाकणात, समोरच्या टोकाजवळ, तीन बाजूंनी कापून एक छोटी खिडकी करा, म्हणजे ती उघडता-मिटता येईल. कोपऱ्यांवर आणि झाकणाच्या कडेने काळी चिकटपट्टी लावायला विसरू नका. खोक्याच्या कोपऱ्यांतून किती उजेड आत शिरतो याची कल्पना स्वतः डोळा लावल्याशिवाय येत नाही, आणि एक बारीक फट राहिली तरी सगळा प्रयोग फसतो.

आता मुलाच्याच हाताने आत एक पिवळंधमक लिंबू ठेवायला लावा. हे महत्त्वाचं. आपण गुपचूप ठेवलं तर मूल भोकाला डोळा लावून म्हणतं, ‘‘यात काहीच नाहीये.’’ त्याने स्वतः ठेवलेलं असेल तर ते तसं म्हणू शकत नाही. लिंबू आत आहे, डोळा उघडा आहे, तरी दिसत नाही. गाल पुठ्ठ्याला घट्ट दाबून मूल बघत राहतं, पापण्या भोकाच्या कडेला घासतात. ‘‘थांबू या, तू म्हणालास ना थांबलं की दिसतं.’’ सगळ्यांनी मिळून शंभरापर्यंत आकडे म्हणायचे. तरी काळोखच. मग झाकणावरची खिडकी केसभर उचलायची. आधी लिंबाची एक कड उजळते, आणि खिडकी पूर्ण उघडली की अख्खं लिंबू. इथे लगेच समजावायला जाऊ नका. फक्त विचारा, ‘‘लिंबू आधीपासून आत होतं. तुझा डोळाही उघडाच होता. मग आत्ता नवीन काय आलं?’’ हे उत्तर मुलाच्या तोंडूनच आलं पाहिजे, आणि ते येतं.

पुढची पायरी म्हणजे उजेड लिंबावर आपटून डोळ्याकडे येतो, हे दाखवणं. कॅरमची सोंगटी कडेला आपटून परत फिरते, तसा उजेडही वस्तूवरून उसळतो. हे नुसतं सांगायचं नाही, दाखवायचं. सकाळच्या उन्हात पांढऱ्या भिंतीजवळ एक तुळतुळीत लाल कार्डपेपर धरा. ऊन कागदावर पडलं पाहिजे आणि भिंतीचा शेजारचा भाग सावलीत हवा. भिंतीवर फिकट लाल झाक उमटते. कागद हलवला की झाकही हलते. लाल कागदावर पडलेल्या उजेडातला लाल भागच प्रामुख्याने परत फिरला आणि भिंतीपर्यंत पोचला. तोच आपल्या डोळ्यापर्यंत पोचतो, म्हणून कागद आपल्याला लाल दिसतो. पिवळा, हिरवा कागद घेऊन पुन्हा करा. मुलं स्वतःच रंग मागायला लागतात.

या टप्प्यावर एखादा चौकस मुलगा हमखास हात वर करतो. ‘‘मग गायीचे डोळे रात्री कसे चमकतात?’’ बडोद्याचं मूल असेल तर मगरीचं नाव निघतंच. शहराच्या मधून वाहणाऱ्या विश्वामित्रीत मगरी आहेत आणि रात्री विजेरीच्या झोतात त्यांचे डोळे निखाऱ्यासारखे दिसतात, हे प्रत्येक घरात कुणी ना कुणी सांगितलेलं असतं. मुलाचा तर्क असा, की डोळ्यातून उजेड बाहेर पडतो, म्हणून तर मगरीला रात्री दिसतं.

या तर्काला हसू नये. आपल्या न्यायदर्शनाचं, म्हणजे तर्काचा अभ्यास करणाऱ्या प्राचीन भारतीय परंपरेचं, मतही हेच होतं, की डोळ्यातून तेजाचे किरण निघतात आणि वस्तूला जाऊन भिडतात. त्याच्या पुराव्यादाखल न्यायसूत्रांत रात्री हिंडणाऱ्या प्राण्यांच्या डोळ्यांतल्या किरणांचा दाखला दिलेला आहे. म्हणजे आपल्या मुलाने थेट गौतम मुनींचाच मुद्दा मांडला! ग्रीक गणिती युक्लिडनेही डोळ्यातून किरण निघतात असंच मानून दृष्टीची भूमिती मांडली. साधारण एक हजार वर्षांपूर्वी बसऱ्यात जन्मलेल्या आणि कैरोत काम केलेल्या इब्न अल-हैथम या शास्त्रज्ञाने याचा कसून विचार केला. त्याचा एक मुद्दा मुलांनाही कळतो: सूर्याकडे बघितलं तर डोळा दुखावतो. डोळ्यातून फक्त बाहेरच काही जात असतं, तर बाहेरचं ऊन आत येऊन डोळ्याला इजा कशी करतं?

गायीच्या, मांजराच्या, मगरीच्या डोळ्यात पडद्याच्या, म्हणजे उजेड टिपणाऱ्या आतल्या अस्तराच्या, मागे आरशासारखा चकाकणारा एक थर असतो. पडद्यातून आरपार गेलेला उजेड त्यावर आपटून परत पडद्यावर येतो, त्यामुळे अगदी मंद उजेडाचाही दोनदा उपयोग होतो. उरलेला उजेड बाहेर पडतो आणि आपल्याला चमक दिसते. आपल्या विजेरीचा किंवा गाडीच्या दिव्याचाच तो परतलेला उजेड असतो. दिवा बंद केला की चमक गेली. माणसाच्या डोळ्यात हा थर नसतो. खात्री करून घ्यायला विश्वामित्रीच्या काठी जायची मुळीच गरज नाही आणि मुलांना घेऊन तर कधीच जाऊ नये. गल्लीत बसलेली गाय आणि स्कूटरचा दिवा एवढं पुष्कळ झालं.

उजेड आत येतो हे पटलं की मग डोळ्याचं दार दाखवायचं. मधला काळा ठिपका म्हणजे बाहुली. तो ठिपका म्हणजे खरं तर भोक आहे, हे ऐकून मुलं जरा दचकतात. आपल्याकडे बहुतेकांचे डोळे गडद तपकिरी असल्यामुळे बाहुली चटकन ओळखू येत नाही. मुलाला खिडकीकडे तोंड करून बसवा, हातात आरसा द्या, दोन्ही डोळे तळव्यांनी वीस आकडे होईपर्यंत झाकायला सांगा आणि मग एकदम उघडायला सांगा. बाहुली आक्रसताना दिसते. भर उन्हात ती दोनेक मिलिमीटर असते, अंधारात सात-आठपर्यंत मोठी होते. विजेरी किंवा मोबाइलचा दिवा डोळ्यात मारून हे करू नये. खिडकीचा उजेड भरपूर आहे.

कमाटीबागेत जाणार असाल तर तिथे आयताच एक प्रयोग होतो. बागेतल्या लख्ख उन्हातून १८९४ सालच्या बडोदा म्युझियममध्ये शिरलं की पहिली काही मिनिटं आतलं सगळं काळसर दिसतं. आपण मुलांना ओढत थेट देवमाशाच्या सांगाड्याकडे किंवा ममीकडे नेतो. त्याऐवजी दाराशीच थांबा आणि विचारत राहा, ‘‘आता काय दिसतंय? आणि आता?’’ बाहुली तर क्षणात मोठी होते, तरी दिसायला वेळ लागतो, कारण खरं काम आतल्या पडद्यावर चाललेलं असतं. तिथे दोन प्रकारच्या पेशी आहेत. शंकूपेशी रंग ओळखतात, पण त्यांना भरपूर उजेड लागतो. एका डोळ्यात त्या साठ लाखांच्या आसपास. दंडपेशी बारा कोटींच्या घरात. त्यांना रंग कळत नाही, पण अंधुक उजेडातही त्या काम करतात. त्यांना पुरतं तयार व्हायला अर्धा तास लागू शकतो.

याचा सगळ्यात सुंदर पुरावा गच्चीवर मिळतो. संध्याकाळी रांगोळीच्या लाल आणि निळ्या रंगाचे दोन ढीग शेजारी शेजारी ठेवा आणि अंधार पडेपर्यंत मुलांबरोबर बसून राहा. उन्हात लाल रंग ठसठशीत दिसत होता. दिवेलागणीनंतर तो आधी विटकरी, मग जवळजवळ काळा दिसू लागतो, आणि निळा मात्र बराच वेळ उजळ राहतो. शंकूपेशींना उजेड पुरेनासा होतो आणि दंडपेशी ताबा घेतात. दंडपेशींना लाल उजेड जवळपास जाणवतच नाही. शेवटी दोन्ही ढीग करडे होतात. रंग ढिगातून कुठेच गेलेला नाही हे मुलांना माहीत असतं, आणि तरी तो दिसत नाही. या कोड्यावर ती खूप वेळ बोलत राहतात, बोलू द्यावं.

या दंडपेशींमधलं रंगद्रव्य अ जीवनसत्त्वापासून बनतं. ते कमी पडलं की आधी संध्याकाळचं दिसणं मंदावतं, त्यालाच आपण रातांधळेपणा म्हणतो. म्हणून नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी सरकारी केंद्रात अ जीवनसत्त्वाचा डोस देतात. तो चुकवू नका. लाल भोपळा, पपई, शेवग्याचा पाला, गाजर जेवणात असावं. गाजराने चष्म्याचा नंबर मात्र उतरत नाही, हे आजी-आजोबांना प्रेमाने सांगायला हवं.

सात-आठ वर्षांच्या मुलांसाठी याहून मोठी गंमत आहे. जुन्या बडोद्यातल्या वाड्यांत अजून लाकडी झडपांच्या खिडक्या आहेत. भर दुपारी, रस्त्यावर कडक ऊन असताना, रस्त्याकडची खोली पूर्ण बंद करा. खिडकीवर जाड पुठ्ठा लावा आणि पुठ्ठ्याला वाटाण्याएवढं भोक पाडा. भोकासमोर हातभर अंतरावर पांढरा कागद धरा आणि डोळे सरावेपर्यंत थांबा. कागदावर रस्ता उतरतो. रंगीत, आणि उलटा. आकाश खाली, समोरच्या घराचं छप्पर खाली, आणि वरच्या कडेने एक रिक्षा डोक्यावर चाके घेऊन जाते. हॉर्नचा आवाज खिडकीतून येतो आणि गाडी कागदावरून सरकते. मुलं ओरडतात. मोठेही ओरडतात.

उलटं का? उजेड सरळ रेषेत जातो. छपरावरून निघालेला उजेड वरून तिरपा येऊन भोकातून शिरतो तो कागदाच्या खालच्या भागावर पडतो. रस्त्यावरचा उजेड खालून येतो तो वरच्या भागावर. मुलांना हवेत बोटाने ही रेघ ओढायला लावा, वर्ग लगेच शांत होतो. डोळ्यातही हेच होतं. बाहुली म्हणजे भोक, पडदा म्हणजे कागद, आणि मध्ये एक भिंग, ज्यामुळे चित्र उजळ आणि रेखीव होतं. डोळ्याच्या पडद्यावर चित्र उलटं पडतं हे खगोलशास्त्रज्ञ केपलरने १६०४ साली मांडलं.

मग लगेच प्रश्न येतो, की आपल्याला सरळ कसं दिसतं. पुष्कळ पुस्तकांत ‘मेंदू ते चित्र सरळ करतो’ असं लिहिलेलं असतं. मला हे उत्तर आवडत नाही, कारण त्यामुळे मुलाला वाटतं की डोक्यात एक छोटा माणूस बसून चित्र बघतो आहे. तसं कुणी नाही. डोळ्यातून मेंदूकडे चित्र जातच नाही. दहा लाखांच्या आसपास बारीक तंतूंमधून संदेश जातात. वरून आलेला उजेड पडद्याच्या कोणत्या भागावर पडतो आणि हात कुठे नेला की वस्तू लागते, याची जुळणी मेंदू तान्हेपणापासून करत असतो. हा मेंदूचा बघणारा भाग कुठे आहे? मुलांना डोक्याच्या मागे, मानेच्या वर हात ठेवायला सांगा. डोळे पुढे आणि बघणं मागे, हे त्यांना फार आवडतं.

मेंदूचं हे काम रविवर्म्याच्या चित्रांसमोर छान कळतं. महाराजा फत्तेसिंग म्युझियममध्ये ती आहेत. लांबून बघा, दागिने झळाळतात, पदर हाताला लागेलसा वाटतो. मग परवानगी असेल तेवढं जवळ जा. सोन्याच्या जागी पिवळे-तपकिरी फटकारे आणि पांढरा एक ठिपका. कापड सपाट आहे. सोनं आपल्या डोक्यात तयार झालं. दोन डोळ्यांचा उपयोग याच वेळी सांगून टाकावा: एक डोळा मिटून दोन पेन्सिलींची टोकं एकमेकांना टेकवायला सांगा, बहुतेकदा चुकतात, दोन्ही उघडे ठेवून टेकतात.

बघणं शिकावं लागतं याचा भक्कम दाखला आपल्याच देशातला आहे. १६८८ साली विल्यम मॉलिन्यू नावाच्या आयरिश विद्वानाने प्रश्न विचारला होता, की जन्मतः अंध माणसाला हाताने गोळा आणि ठोकळा ओळखता येतो. त्याला अचानक दिसू लागलं तर तो नुसतं बघून ते ओळखेल का? मेंदूशास्त्रज्ञ डॉ. पवन सिन्हा यांच्या ‘प्रकाश’ प्रकल्पात भारतातल्या जन्मांध मुलांवर शस्त्रक्रिया झाल्या, आणि २०११ साली त्यातल्या पाच मुलांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दृष्टी आल्याबरोबर त्यांना स्पर्शाने ओळखलेली वस्तू नजरेने ओळखता आली नाही. पण काही दिवसांतच येऊ लागली.

इथेच वर्गात अंध मुलांविषयी बोलणं होतं, आणि ते नीट व्हावं अशी माझी कळकळ आहे. आंधळी कोशिंबीर खेळून ‘बघा, अंध मुलांना असं वाटतं’ असं सांगू नये. डोळे बांधलेलं डोळस मूल धडपडतं, घाबरतं. अंध मुलाने मात्र कानांनी, बोटांनी, पायांनी जग ओळखायचं कसब रोजच्या सरावाने कमावलेलं असतं. ‘त्यांना सगळं काळं दिसतं का?’ असं मुलं विचारतात. मी उलट विचारते, ‘‘तुझ्या पाठीमागे तुला आत्ता काय दिसतंय? काळं दिसतंय का?’’ मूल थबकतं. काळं दिसत नाही, काहीच दिसत नाही. जन्मतः मुळीच न दिसणाऱ्यांविषयी याहून जवळचं मला सांगता येत नाही. शिवाय अंध म्हणवणाऱ्या पुष्कळांना उजेड किंवा आकार थोडेफार दिसतात, हेही सांगावं.

आता थोडं मोठ्यांसाठी. उत्तरायणाला, म्हणजे १४ जानेवारीला, बडोद्यातलं मूल दिवसभर आकाशाकडे बघतं. सूर्याकडे एकटक बघितल्याने डोळ्याचा पडदा भाजतो आणि पडद्याला वेदना नसल्यामुळे त्या वेळी काही कळत नाही. साध्या गॉगलने हा धोका टळत नाही. पतंग सूर्याच्या दिशेला गेला की नजर काढून घ्यायची, ही सवय लहानपणीच लावावी. एरवी मात्र मुलांना बाहेर सोडा. चीनमधल्या ग्वांगझौ शहरात पहिलीच्या मुलांना शाळेत रोज चाळीस मिनिटं जास्त बाहेर ठेवलं, तेव्हा तीन वर्षांत नव्याने लघुदृष्टी (लांबचं अंधुक दिसणं) आलेल्या मुलांचं प्रमाण ३०.४ टक्के राहिलं. नेहमीच्या शाळांत ते ३९.५ टक्के होतं.

वरच्या खेळांत मुलाकडे बारकाईने बघा. एक डोळा झाकल्यावर मूल मजेत खेळत राहतं, पण दुसरा झाकला की चिडतं, हात बाजूला सारतं, असं होत असेल तर त्याला ‘हट्टी आहे’ म्हणू नका. ज्या डोळ्यावर हात ठेवलेला त्याला सहन होत नाही, त्याच डोळ्यावर ते सगळं बघत असेल. दुसरा डोळा आळशी पडला असेल, तर सात-आठ वर्षांच्या आत उपचार सुरू झाले की सुधारणा सर्वांत चांगली होते. चांगला डोळा रोज काही तास पट्टीने झाकून मेंदूला दुसरा वापरायला लावतात. मुलाची तक्रार नसते, कारण सगळ्यांना असंच दिसतं असं त्याला वाटत असतं. मान वाकडी करून बघणं, पुस्तक नाकाला लावणं, एक डोळा तिरळा असणं, यांपैकी काहीही असेल तर पाचवं वर्ष लागायची वाट न पाहता नेत्रतज्ज्ञांना दाखवा. तान्ह्या बाळाच्या डोळ्यात काजळ घालू नका. डोळे त्याने मोठे होत नाहीत, संसर्ग मात्र होऊ शकतो. आणि फ्लॅश टाकून काढलेल्या फोटोत मुलाची एखादी बाहुली लाल न येता पांढरी येत असेल, विशेषतः एकाहून अधिक फोटोंत, तर तो कॅमेऱ्याचा दोष समजून सोडून देऊ नका. डोळ्याच्या कर्करोगाचं किंवा मोतीबिंदूचं ते लक्षण असू शकतं. त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा आणि तो फोटो बरोबर न्या.